नावेचें नांव : एका छोट्या शब्दाची दोन कुळे

आपला प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळच्या जुन्या घरात आपल्याला आजोबांची जमाखर्चाची वही सापडली. तिच्या एका पानावर स्वच्छ बाळबोध अक्षरात 'नावेचें नांव' असे लिहून त्यापुढे गलबताचे नाव दिलेले आहे. एकाच ओळीत त्यांनी एका 'ना'वर अनुस्वार दिला आणि दुसऱ्यावर दिला नाही, ही चूक समजावी का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. होडी या अर्थाचा आणि नाम या अर्थाचा 'नाव' मुळात एकच शब्द आहे का, हाही प्रश्न आहे. शिवाय इंग्रजी 'नेव्ही' आणि 'नेम' यांच्याशी त्यांचे नाते आहे का, असे आपल्या शाळकरी मुलीने विचारले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षे मराठी भाषा आणि व्युत्पत्ती शिकवली आणि सुट्ट्यांमध्ये बंदरांवर फिरून दर्यावर्दी माणसांच्या तोंडचे शब्द टिपले. त्या अनुभवावर सांगतो, की आजोबांची चूक नाही. हे दोन शब्द पूर्णपणे वेगळे असून आपल्या भाषेत योगायोगाने एका उच्चारावर येऊन थांबले आहेत. मुलीला मात्र दोन्ही बाबतीत होकार द्यावा लागेल, कारण नेव्ही आपल्या एका 'नाव'ची नातलग आहे आणि नेम दुसऱ्या 'नाव'चा.

आधी घरातलाच पुरावा पाहू, कारण तो तपासायला कोश लागत नाही. होडी ती नाव असते आणि नाम ते नाव असते. अनेकवचन केले की पहिलीच्या नावा होतात आणि दुसऱ्याची नावे होतात. प्रत्यय लावला की फरक आणखी उघड होतो: माणूस नावेत बसतो, पण गंमत नावात असते, नावेला शीड लावतात आणि नावाला काळिमा लागतो. मूळ शब्द एकच असता आणि त्याला पुढे दोन अर्थ फुटले असते, तर त्याची रूपे अशी सर्वत्र दोन वाटांनी गेली नसती. 'डोळा' शब्दाचे पाहा. माणसाचा डोळा, मोरपिसावरचा डोळा आणि नारळाचा डोळा हे तीन अर्थ आहेत, पण लिंग आणि रूपे एकच राहिली आहेत, कारण शब्द एक आहे.

होडीचा 'नाव' संस्कृत 'नौ'पासून आला. शाळेत शब्द चालवलेल्यांना नौः, नावौ, नावः हा क्रम आठवत असेल. प्रथमेच्या एकवचनात 'औ' दिसतो, पण पुढे स्वर आला की त्या 'औ'चा 'आव्' होतो, आणि आपल्या मराठी शब्दाचे अंग तेच आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या वरुणसूक्तात 'वेद नावः समुद्रियः' असे शब्द आहेत. आकाशातून उडणाऱ्या पाखरांची वाट जाणणाऱ्या वरुणाला समुद्रावरच्या नावाही ठाऊक आहेत, असा त्याचा रोख आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले 'वायुर्नावमिवाम्भसि' तर पुष्कळांना पाठ असते. त्यातला 'नावम्' म्हणजे द्वितीयेतली नाव होय. पुढे पालीत 'नावा' झाला, प्राकृतात 'णावा' झाला आणि मराठीत शेवटचा स्वर गळून 'नाव' उरला. हा प्रवास सरळ असून त्यात नाकातला उच्चार कुठेही येत नाही, म्हणून आजोबांनी तिथे अनुस्वार दिला नाही.

दुसऱ्या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. त्याचे मूळ 'नामन्', म्हणजे 'नाम'. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडलेला 'म' आपल्या भाषेत फार काळ टिकला नाही. ओठ पूर्ण मिटायचे राहिले, 'म'चा 'व' झाला आणि 'म'मधला नाकातला अंश मागच्या स्वरावर चढून बसला. अशा रीतीने नाम शब्दाचा नांव झाला. हे एका शब्दाचे लहरी वर्तन असते, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता. पण ग्रामचा गांव, आमलकचा आंवळा, कोमलचा कोंवळा, श्यामलचा सांवळा, गुरे बांधायच्या दामन्‌चे दांवें आणि जामातृचा जांवई, अशी सगळी रांग त्याच वाटेने गेलेली आहे. नियम खरा आहे की नाही, हे त्याच्या अपवादांना कारण देता येते का यावर ठरते. कर्मचे काम झाले, पण कांव झाले नाही, कारण मध्ये प्राकृतात 'कम्म' असा जोड 'म' होता आणि दोन 'म' एकमेकांच्या आधाराने टिकले; चर्मपासून आलेल्या चामड्याचेही तसेच. व्युत्पत्तीचे काम याच प्रकारचे असते. शब्द सारखे ऐकू येतात का, हे विचारण्यापेक्षा ते एकाच नियमाने बदलले का, हे विचारावे लागते.

म्हणून १९६२ पूर्वीच्या लेखनात 'नांव' आणि 'नाव' हा भेद डोळ्यांना दिसत असे. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी, स्पष्ट न उच्चारले जाणारे असे व्युत्पत्तीचे अनुस्वार काढून टाकले, आणि गांव, पांच, कोंकण यांच्याबरोबर नांवाचाही टिंब गेला. मी त्या नियमांच्या विरोधात नाही. पुण्या-मुंबईच्या बोलण्यात तो नाद उरलेला नव्हता, आणि जे ऐकू येत नाही ते मुलांकडून घोकून घेण्यात फारसा अर्थ नव्हता. पण 'ऐकू येत नाही' हे विधान आमच्या किनाऱ्याला तितकेसे लागू पडत नाही, एवढे नोंदवले पाहिजे. मालवणी बोलणाऱ्या वयस्क माणसाला 'तुजा नाव काय?' असे विचारायला सांगा आणि कान देऊन ऐका. 'ना' नाकातून येतो. गोव्याच्या कोंकणीत तर 'तुजें नांव कितें?' असे आजही बोलतात आणि तसेच लिहितात.

शेजारी काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. गुजरातीने 'म' सोडला नाही. तिथे गावाला गाम आणि नावाला नामच म्हणतात, त्यामुळे कच्छ-काठेवाडहून आमच्या बंदरांत कोटिया घेऊन येणाऱ्या खलाशांना नाम आणि नाव यांची सरमिसळ कधी जाणवली नसेल. काश्मिरीत मात्र आपल्यासारखेच घडले. तिथे 'नाव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडीही. अरबी समुद्र आणि दल सरोवर यांच्यात इतके अंतर असून दोन्हीकडे तीच जोडी तयार झाली, ती एकमेकांचे पाहून नव्हे, तर दोन्ही भाषांत 'म' त्याच पद्धतीने सैल झाला म्हणून.

आता कुंपणाबाहेर जाऊ. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जुनी फारसी, आयरिश, जर्मन वगैरे भाषा एका हरवलेल्या पूर्वज भाषेच्या लेकी आहेत, हे आता शाळेच्या पुस्तकांतही असते, आणि त्याचे श्रेय बहुधा विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधल्या कोलकात्याच्या व्याख्यानाला दिले जाते. ते योग्यच आहे. पण या साम्याची पहिली चाहूल युरोपीय माणसांना आपल्याच किनाऱ्यावर लागली होती, हे आपल्याकडे कमी सांगितले जाते. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले, आणि १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे त्यांनी लिहिले. फ्लॉरेन्सचे व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती कोची आणि गोव्यात राहिले आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारले. त्यांनी आपल्या पत्रांत संस्कृत आणि इटालियन शब्दांच्या जोड्याच दिल्या होत्या. देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पे, सप्त आणि सेत्ते, नव आणि नोव्हे. ज्या जहाजांनी या दोघांना इथे आणले त्या जातीच्या जहाजाला पोर्तुगीज भाषेत 'नाउ' म्हणत. ती जोडी त्यांच्या लक्षात आली असती, तर मला फार आनंद झाला असता.

कारण पोर्तुगीज 'नाउ' आणि संस्कृत 'नौ' हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. लॅटिनमध्ये जहाजाला 'नाविस' म्हणत, ग्रीकमध्ये 'नाउस', जुन्या आयरिशमध्ये 'नाउ', आर्मेनियनमध्ये 'नाव', फारसीत 'नाव' आणि सिंहलीत 'नॅव'. नॉर्वेच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवण्यासाठी जे छपराचे घर असते, ज्याला आमच्याकडे मांगर म्हणतात, त्याला तिकडे 'नाउस्ट' म्हणतात. त्यातही जहाजाचा हा शब्द दडलेला आहे. लॅटिन 'नाविस'पासून इंग्रजीत नेव्ही, नेव्हल आणि नेव्हिगेशन आले; ग्रीकमधल्या 'नाउतेस' म्हणजे खलाशी या शब्दापासून नॉटिकल आणि, फार पुढे, अवकाशातला खलाशी अॅस्ट्रोनॉट आला.

नामाचे कुळ तितकेच मोठे आहे. लॅटिन 'नोमेन', ग्रीक 'ओनोमा', फारसी 'नाम', जर्मन 'नामे', इंग्रजी 'नेम', पोर्तुगीज 'नोमे'. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडून युरोपभर विखुरलेले रोमा लोकही नावाला 'नाव' किंवा 'अनाव' म्हणतात, म्हणजे 'म'चा 'व' करण्याची खोड ते बरोबर घेऊन गेले.

आता ही दोन कुळे आजोबांच्या ओळीत शेजारी बसवून पाहा. 'नावेचें नांव' हे संस्कृतात म्हणायचे तर 'नावो नाम', लॅटिनमध्ये 'नोमेन नाविस', पोर्तुगीजमध्ये 'नोमे दा नाउ' आणि फारसीत 'नाम-ए-नाव'. मी वर्गात हे चार शब्दबंध फळ्यावर लिहीत असे आणि काही न बोलता थांबत असे. प्रत्येक भाषेत 'न'ने सुरू होणारे दोन शब्द आहेत, प्रत्येक ठिकाणी ते एकमेकांपासून वेगळे आहेत, आणि तरीही चारही भाषांत जोड्या जुळतात. दोन्ही शब्द मुळात एक असते, तर या सगळ्या भाषांनी त्यांना एवढ्या शिस्तीने वेगळे ठेवले नसते. पूर्वज भाषेतही ते दोनच होते.

सोळाव्या शतकात समुद्रावर जोर बसल्यावर पोर्तुगीजांनी देशी जहाजांना परवाना घ्यायला लावला. त्याला 'कार्ताझ' म्हणत. त्यात जहाजाची आणि त्यावरच्या प्रमुखाची माहिती असे. त्या प्रमुखाला पोर्तुगीज कागदांत 'नाकोदा' म्हटलेले आढळते आणि आपल्याकडे 'नाखवा' म्हणतात. या शब्दापाशी मला माझी एक जुनी फजिती सांगितली पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका छोट्या लेखात 'नाखवा' हा शब्द 'नौका'वरून आला असे ठोकून दिले होते. नौका, नाउका, नाखवा. कागदावर छान दिसत होते. लेख छापून आल्यावर रत्नागिरीच्या बंदरावर एका वृद्ध दालदी मासेमाराने तो कोणाकडून तरी वाचून घेतला आणि मला बोलावून विचारले, "मास्तर, मग आमचो 'नाखुदा' खंयसून इलो?" त्यांच्या घरात तो शब्द पूर्ण रूपात जिवंत होता. फारसी 'नाव' म्हणजे जहाज आणि 'खुदा' म्हणजे धनी, मालक. ईश्वर हा अर्थ त्याच 'मालक' अर्थातून पुढे मुख्य झाला. नाव-खुदा म्हणजे नावेचा धनी, त्याचा नाखुदा झाला आणि आपल्या तोंडात 'द' झिजून नाखवा उरला. 'क'चा 'ख' का व्हावा, याचे कोणतेही कारण माझ्या लेखात नव्हते, आणि ते विचारायचे मला सुचले नव्हते. हाच शब्द अरबांनी घेतला, गुजरात्यांनी घेतला आणि मलाक्कापर्यंत गेला; मलय भाषेत जहाजाच्या कप्तानाला आजही 'नाखोदा' म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर नाखवा आणि नाखुदा ही दोन्ही आडनावे आहेत, एक बहुधा कोळ्यांकडे आणि दुसरे कोकणी मुसलमानांकडे, आणि ते दोघे एकाच हुद्द्याचे वारस आहेत.

गंमत अशी, की नाखव्याच्या पोटात 'नाव' असली, तरी नाखवा आपल्या होडीला सहसा नाव म्हणत नाही. किनाऱ्यावर होडी, होरी, डोण, मचवा, पडाव, गलबत, ट्रॉलर असे शब्द ऐकू येतात. 'नाव' कवितेत, कीर्तनात आणि शाळेच्या पुस्तकात. माझा अंदाज असा आहे, की नांवाचा नाद कमी झाल्यावर रोजच्या व्यवहारात दोन सारख्या शब्दांची अडचण होऊ लागली आणि होडीच्या अर्थाचा शब्द मागे सरला. या अंदाजाला एक खोट आहे, ती मीच सांगतो: त्याच्या जागी जी 'बोट' आली, तिचीही तीच अडचण आहे. ती बोट पाण्यावर असते आणि ते बोट हाताला असते, आणि त्यावरून कोणाचा घोटाळा झाल्याचे मी ऐकले नाही.

बोटीवरून आठवले. पूर्वी मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी आगबोटीने ये-जा असे, आणि त्या काळच्या लोकांच्या तोंडी 'बोट लागली' असा प्रयोग होता. 'गाडी लागली' म्हणतो तसा. म्हणजे मळमळले, ओकारी झाली. ज्या वस्तूमुळे त्रास झाला तिचेच नाव त्रासाला पडले. ग्रीकांनीही नेमके हेच केले होते. 'नाउस' म्हणजे जहाज, त्यावरून 'नाउसिया' म्हणजे बोट लागणे, आणि तोच शब्द लॅटिनमार्गे डॉक्टरांच्या 'नॉशिया'त आला. आज देवगडच्या दवाखान्यात पोट बिघडलेल्या माणसाला डॉक्टर 'नॉशिया होतोय का?' असे विचारतात, तेव्हा पाण्यात पाऊल न टाकलेल्या त्या माणसाच्या तक्रारीतही एक जहाज असते.

जहाज आणखी एका अनपेक्षित ठिकाणी आहे. वसई, रेवदंडा किंवा जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये दारापासून वेदीपर्यंत जो लांब मुख्य भाग असतो, त्याला पोर्तुगीजमध्ये 'नावे' आणि इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. तो लॅटिन 'नाविस'च आहे. भाविकांना पार नेणारे तारू ही कल्पना, आणि उंच कमानदार छत पालथ्या घातलेल्या नावेसारखे दिसणे, अशी दोन्ही कारणे सांगितली जातात. इंग्रजीत चाकाच्या मधल्या भागालाही 'नेव्ह' म्हणतात, पण त्याचा जहाजाशी संबंध नाही. तो आपल्या 'नाभि'चा भाऊबंद आहे. म्हणजे दोन वेगळे शब्द एका उच्चारावर येण्याची ही गोष्ट इंग्रजीतही घडलेली आहे.

आता 'नौ'कडे परत यायला हवे, कारण त्याचा एक तोतया आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. 'ॐ सह नाववतु' या शांतिमंत्रात 'नाव' ऐकू येते, आणि गुरुशिष्य एका नावेतून तरून जातात असा अर्थ सांगणारे मला भेटले आहेत. अर्थ सुंदर आहे, पण चुकीचा आहे. पदे सोडवली की 'सह नौ अवतु' असे होते. इथला 'नौ' म्हणजे 'आम्हां दोघांना', आणि पुढे स्वर आल्यामुळे संधी होऊन त्याचा 'नाव्' झाला. लगेच पुढे 'सह नौ भुनक्तु' येते, तिथे व्यंजन असल्यामुळे तो उघडा दिसतो. हे सर्वनाम आहे. त्याचे बहुवचन 'नः', आणि त्याची लॅटिनमधली बहीण 'नोस', म्हणजे आम्ही. तिच्यापासून पोर्तुगीज 'नोस' आणि 'आमचा' या अर्थाचा 'नोस्सु' आला.

आणि इथे पुन्हा आपला किनारा मदतीला येतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई नावाचे गाव आहे. पोर्तुगीजांचे चौलचे ठाणे १७४० मध्ये गेले, तरी तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दांवर उभी राहिलेली एक बोली आजही बोलली जाते. तिला क्रिस्ती म्हणतात आणि 'नौ लिंग'ही म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. या 'नौ'चे पोर्तुगीज 'नाउ' जहाजाशी नाते नाही, पण 'सह नाववतु'मधल्या 'नौ'शी आहे. ज्या उच्चाराने आपण जहाजाकडे धावतो, तो आपल्याला 'आमच्या'कडे घेऊन जातो, आणि तेही दोन वेगवेगळ्या खंडांतून आलेल्या भाषांत.

आपल्या मुलीसाठी याचे आणखी सोपे उदाहरण आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणजवळ तारकर्लीला साजरा झाला. आपण कदाचित पाहायला गेलाही असाल. नौदलाचे ब्रीदवाक्य आहे 'शं नो वरुणः', वरुण आमचे कल्याण करो. 'नौदल'मधला 'नौ' जहाजाचा आहे आणि ब्रीदातला 'नो', म्हणजे 'नः', आमचा आहे. दोन्ही कुळे एका चिन्हाखाली नांदतात आणि एकमेकांची कोणी लागत नाहीत.

ज्यांचा खरोखर काहीच संबंध नाही, त्यांचीही आठवण करून देतो, कारण असे प्रश्न मला वारंवार येतात. 'नौकर' नौकेवरचा माणूस नव्हे. तो मंगोल भाषेतला, साथीदार या अर्थाचा शब्द फारसीमार्गे आला. 'नौबत' अरबी आहे, पाळी या अर्थाची. नवरोजमधला 'नव' म्हणजे आपलाच 'नवा', फारसी वळणाचा. नऊ आणि नवा यांचे मूळ एक असावे, आठांची मोजणी संपल्यावर नवी सुरुवात म्हणून नऊ, असा एक जुना तर्क आहे, आणि 'अष्टौ'चे रूप द्विवचनी दिसते हा त्याला आधार दिला जातो; मला तो आकर्षक वाटतो, पण मी त्यावर पैज लावणार नाही. जपानी लोक नावाला 'नामाए' म्हणतात, हे ऐकून पुष्कळांचे डोळे चमकतात. तो शुद्ध योगायोग आहे. 'ना' म्हणजे नाव आणि 'माए' म्हणजे पुढचा, असे ते दोन जपानी तुकडे आहेत. मलय भाषेतला 'नामा' मात्र योगायोग नाही. तो संस्कृतातून घेतलेला आहे. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या तीन शब्दांपैकी इंग्रजी 'नेम' रक्ताच्या नात्याचा, मलय 'नामा' उसना आणि जपानी 'नामाए' केवळ तोंडावळ्याने सारखा. कानाला हे तिन्ही सारखेच लागतात. फरक ध्वनिनियमांत आणि इतिहासात सापडतो.

आपल्या प्रश्नातला एक बारकावा राहिला. आजोबांनी 'नावेचें' या शब्दात 'चें'वरही टिंब दिला आहे, तो नपुंसकलिंगाचा आहे, कारण पुढचा 'नांव' नपुंसकलिंगी. म्हणजे दोन शब्दांच्या त्या ओळीत त्यांनी जिथे अनुस्वार हवा तिथे दोनदा दिला आणि जिथे नको तिथे टाळला. वही मोडीत असती तर कदाचित हे कळलेही नसते, कारण मोडीच्या घाईत टिंब बहुधा गळतात. आपण त्या वहीची नक्कल करणार असल्याचे लिहिले आहे. ती करताना हिशेबाचे आकडे आजच्या पद्धतीने मांडलेत तरी हरकत नाही. पण ही ओळ 'नावेचे नाव' अशी सुधारू नका, आहे तशीच उतरवा.